खजुराची करंजी कुणाची?

मागच्या महिन्यातली गोष्ट. माझी मुलगी सातवीत आहे, मराठी माध्यमाच्या शाळेत. वर्गाला एक प्रकल्प दिला होता, ‘माझ्या घरचा पारंपरिक पदार्थ’. साहित्य, कृती, एक चित्र आणि पदार्थाची थोडी माहिती, सगळं दोन पानांत. तिने मला काही न विचारता लिहून टाकलं, ‘खजुराची करंजी’. चित्रही काढलं. करंजीची मुरड तिने इतकी मन लावून काढली होती की नानीने ती वही जवळ घेऊन दोनदा पाहिली.

वही परत आली तेव्हा खाली लाल शाईत शेरा होता. करंजी हा दिवाळीचा पदार्थ आहे, तू तुमच्या घरचा लिही, उदाहरणार्थ शीरखुर्मा.

शेऱ्यात वाईट हेतू नव्हता, हे मी आधीच सांगते. मी स्वतः शिक्षिका आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, उर्दूचेही तास घेते. साठ वह्या समोर असल्या की असा शेरा लिहिताना हात अडखळत नाही, हे मला ठाऊक आहे. पण म्हणूनच तो जास्त लागला. रागाने लिहिलेलं माणूस विसरून जातो. सहज लिहिलेलं विसरता येत नाही.

मुलीने पान फाडायला घेतलं होतं. मग थांबून विचारलं, “मम्मी, आपण करंजी करतो हे चूक आहे का?”

चूक नाही, एवढं मी लगेच म्हणाले. पण पुढचं उत्तर द्यायला मला आठवडा लागला. तो आठवडा मी पुस्तकांत घालवला. आज ते उत्तर इथे लिहिते आहे.

आधी आमची करंजी सांगते, म्हणजे बोलणं नेमकं कशाबद्दल आहे ते कळेल. पाव किलो मऊ खजूर. बिया काढून बारीक चिरायचा आणि चमचाभर तुपावर मंद आचेवर परतायचा. पाणी अजिबात घालायचं नाही. तो आपोआप गोळा होतो. त्यात भाजलेलं किसलेलं सुकं खोबरं, भाजून कुटलेली खसखस, काजूचे तुकडे, थोडे बेदाणे, वेलची आणि जायफळ. साखर नाही, खजूरच पुरे. पारीसाठी दोन वाट्या मैदा, मूठभर बारीक रवा, चार चमचे कडकडीत तुपाचं मोहन आणि भिजवायला दूध. अर्धा तास झाकून ठेवायचं. पुऱ्या लाटायच्या, सारण भरायचं, कडेला दुधाचं बोट लावून बंद करायचं. घाई असली की कातण फिरवायचं, वेळ असला की हाताने मुरड घालायची. अम्मीच्या मते कातणाची करंजी ही आळशाची करंजी. तळताना आच मध्यमाहून कमी, नाहीतर वरून रंग येतो आणि पारी आत कच्ची राहते.

फळाचं सारण भरताना एकच भीती असते, ओलाव्याची. सारण ओलं राहिलं की करंजी तेलात फुटते, आणि एक फुटली की कढईभर तेल काळं होतं. खजूर म्हणूनच सोयीचा. त्याच्यात पाणी कमी, गोडी जास्त, आणि करंज्या पंधरा दिवस टिकतात. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात तरावीहची नमाज झाली की आमच्या घरी हे काम चालायचं. अम्मी लाटायची, मोठी खाला भरायची, आणि आम्हा मुलींकडे मुरड. सारण कमी पडलेली करंजी हलवली की वाजते. तिला अम्मी ‘खुळखुळा’ म्हणते. हा शब्द तिने शेजारच्या काकूंकडून घेतला की काकूंनी तिच्याकडून, हे आता दोघींनाही आठवत नाही.

आता इतिहास.

1226 साली बगदादमध्ये मुहम्मद बिन हसन अल-बगदादी नावाच्या गृहस्थांनी ‘किताब अल-तबीख’ म्हणजे ‘पाककृतींचं पुस्तक’ लिहिलं. याच नावाचं त्याआधीचं पुस्तक दहाव्या शतकातल्या इब्न सय्यार अल-वर्राक यांचं, तेही बगदादचंच. अल-बगदादी सुरुवातीलाच सांगून टाकतात की जगातल्या सुखांत खाण्याचं सुख त्यांना सगळ्यांत वरचं वाटतं. त्यानंतर बत्तीस वर्षांनी, 1258 मध्ये, हुलागूच्या फौजांनी बगदाद उद्ध्वस्त केलं. पुस्तक मात्र वाचलं. 1939 मध्ये आर्थर आर्बेरी यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, म्हणून ते माझ्यासारखीच्या हाती येऊ शकतं.

त्यात ‘खुश्कनानज’ नावाचा पदार्थ आहे. नाव मुळात फारसी: खुश्क म्हणजे कोरडं, नान म्हणजे रोटी. कृती अशी. चांगलं पीठ घ्यायचं, त्यात पिठाच्या चौथा हिस्सा तिळाचं तेल चोळायचं, घट्ट मळायचं. मग लांबट आकार देऊन प्रत्येकाच्या मध्यभागी बदामाची पूड आणि सुगंधी साखर गुलाबपाण्यात कालवून भरायची. बदाम साखरेच्या निम्मे. तोंड बंद करायचं आणि भट्टीत भाजायचं. वाचताना मी ‘चौथा हिस्सा तेल’ या शब्दांपाशी थांबले. हे तर मोहन! आठशे वर्षांपूर्वीच्या बगदादी माणसालाही माहीत होतं की पारी खुसखुशीत हवी तर पिठाला आधी स्निग्ध चोळावं लागतं.

त्याच पुस्तकात ‘सनबूसज’ही आहे, म्हणजे आपला समोसा. मांसाचा आहेच, पण बदाम-साखर गुलाबपाण्यात मळून भरलेला गोड समोसाही आहे. इजिप्तमध्ये फातिमी खलिफांच्या काळी तर ईदसाठी मिठाया करणारी सरकारी कचेरीच होती, ‘दार अल-फित्रा’. तिच्या कोठारात पीठ, साखर, बदाम, पिस्ते यांच्याबरोबर खजूर आणि मनुकाही भरलेल्या असत. ईदला भरलेल्या वड्या-करंज्या लोकांत वाटण्याची पद्धत एवढी जुनी आहे.

समोसा तिथून हिंदुस्थानात आला. अमीर खुसरोच्या नावावर सांगितलं जाणारं एक कोडं मी दर वर्षी वर्गात घालते. समोसा आणि पायातला जोडा, दोन प्रश्न आणि दोन्हींना एकच उत्तर. सगळी गंमत ‘तला’ या शब्दाची. तला म्हणजे तळलेला, आणि तला म्हणजे जोड्याचा तळवा. माझ्या मुलांना हे कोडं पटकन सुटतं, कारण मराठीतही ‘तळणे’ आणि ‘तळ’ शेजारीच उभे आहेत.

1334 मध्ये इब्न बतूता दिल्लीत आला. मुहम्मद बिन तुघलकाच्या दरबारी जेवणाचं त्याने केलेलं वर्णन प्रसिद्ध आहे. पातळ रोट्या, भाजलेलं मांस, तुपातल्या गोल पोळ्या आणि त्यांत हलवा, आणि मग ‘समूसक’: बारीक मांस, बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा आणि मसाले पातळ पारीत गुंडाळून तुपात तळलेलं. प्रत्येकापुढे चार किंवा पाच ठेवायचे. हाच माणूस पुढे दौलताबादला आला. मराठी लोकांबद्दल तो लिहितो की त्यांचं जेवण भात, भाजी आणि तिळाचं तेल. द्राक्षं आणि डाळिंबं इथे वर्षातून दोनदा येतात, असंही लिहितो. बगदादच्या खुश्कनानजमध्ये तिळाचं तेल, इथल्या मराठी घरात तिळाचं तेल. मोहन करायला दोन्हीकडे एकच वस्तू हाताशी होती.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस मांडूच्या सुलतान गियासशाहाने ‘निमतनामा’ हे चित्रांसह पाकपुस्तक करवून घेतलं. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातल्या एका चित्रात सुलतान बसलेला आहे आणि त्याच्यासमोर समोसे तयार होत आहेत. मला मात्र चित्रापेक्षा त्याची भाषा जवळची वाटते. वाक्य फारसी आणि मध्येच पदार्थांची, मसाल्यांची, भांड्यांची नावं थेट इथल्या बोलीतली. स्वयंपाकघरात शुद्ध भाषा चालत नाही, हे त्या मुन्शीला कळलं होतं.

आणि आता ती ओळ, जिच्यासाठी हा लेख लिहायला बसले. सोळाव्या शतकाच्या शेवटी अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’ लिहिली. अकबराच्या मुदपाकखान्यातले पदार्थ नोंदवताना तो ‘कुताब’ नावाचा पदार्थ सांगतो आणि वर खुलासा करतो की यालाच हिंदचे लोक ‘संबुसा’ म्हणतात.

हिंदचे लोक! संबुसा हा शब्द इराणकडून आलेला, बगदादच्या दरबारात वाढलेला, मग दिल्लीला पोचलेला. आणि अकबराचा फारसी जाणणारा विद्वान मंत्री त्याला हिंदवासीयांचा शब्द समजतो. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तोवर तो शब्द खरोखरच इथला झाला होता. उलट ‘कुताब’चं पुढे काय झालं पाहा. इराणच्या यज्द शहरात ‘कुत्ताब’ ही आजही प्रसिद्ध मिठाई आहे. आत बदामाचं सारण, तेलात तळलेली, वरून पिठीसाखर. अझरबैजानात ‘कुताब’ म्हणजे सारण भरून अर्धचंद्रासारखी दुमडलेली पातळ रोटी. अर्धचंद्रासारखी! करंजाच्या शेंगेसारखी दिसते म्हणून करंजी, असं आपल्याकडे सांगतात. ती शेंग हातात घेऊन पाहा, तीही तशीच.

इथे एक सावधगिरी मला घ्यायलाच हवी. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अधूनमधून एक संदेश फिरतो. समोसा आम्ही दिला, जिलबी आम्ही दिली, बिर्याणी आम्ही दिली, यांच्याकडे होतं काय? तो वाचून मला तितकंच वाईट वाटतं जितकं शेरा वाचून वाटलं. करंजी बगदादहून आली असं मी म्हणत नाही. खुश्कनानज आणि करंजी दिसायला बहिणी आहेत, पण दिसणं म्हणजे नातं नव्हे. पीठ, तेल आणि काहीतरी गोड ज्या ज्या घरात आहे तिथे कुणी ना कुणी बाई ते गोड पिठात गुंडाळून बघणारच. गोड सारण पिठात भरण्याची कला इथे कुणी शिकवावी लागली नाही. पुरणपोळी आणि मोदक करणाऱ्या हातांना करंजी अवघड नव्हती. ‘आम्ही दिलं’ म्हणणारा संदेश आणि ‘हे तुमचं नाही’ म्हणणारा शेरा, दोन्ही खुळखुळे आहेत. आवाज भरपूर, सारण कमी.

मग काय सांगायचं मुलीला? मी तिला वही-पेन घेऊन बसवलं आणि आम्ही साहित्याची यादी शब्दांनुसार लावली. व्याकरणाच्या तासाला मी वर्गात हेच करून घेते.

आधी दिवाळीची करंजी घेतली, शेजारच्या काकूंकडची. त्यात मैदा आहे. शब्द फारसी. बदाम, फारसी. पिस्ता, फारसी. बेदाणा, फारसी: ‘बे-दाना’, बी नसलेला. खसखसही तिकडूनच.

मग आमची ईदची करंजी. मुख्य वस्तू खजूर. हा शब्द संस्कृत ‘खर्जूर’वरून आला. वेलचीतली ‘एला’ संस्कृत. जायफळ म्हणजे ‘जातिफल’, संस्कृत. काजू पोर्तुगीज.

मुलगी यादीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे उलटंच झालं की!”

उलटं नाही, असंच असतं. साखरेचं उदाहरण घ्या. उसाच्या रसापासून साखर करण्याची विद्या हिंदुस्थानातून इराणात गेली आणि तिथून अरबांकडे. शब्दही बरोबर गेला. शर्करा, शकर, सुक्कर. म्हणजे 1226 मध्ये बगदादच्या त्या खुश्कनानजमध्ये जी साखर भरली जात होती तिची विद्याही आणि तिचं नावही इथून गेलेलं होतं. नारळाचंही तसंच. ‘नारिकेल’ फारसीत जाऊन ‘नार्गील’ झाला. आणि तिकडून इकडे काय आलं? बसरा आणि ओमानकडून गलबतं भरभरून खजूर मुंबईच्या बंदरात उतरत असे आणि तिथून कोकणातल्या बाजारांत जाई. माझे पणजोबा खाडीतल्या गलबतावर तांडेल होते. त्यांनी आणलेला खजूर पणजीने कशात भरला असेल? समोर जे होतं त्यात. करंजीत.

साखर गेली, खजूर आला. त्या दोन्ही फेऱ्यांच्या मध्ये कुठेतरी आमची करंजी आहे.

आणि तो शीरखुर्मा, जो ‘आमचा’ म्हणून सुचवला गेला? शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. दोन्ही शब्द फारसी. आमच्या घरी तो होतोच, ईदच्या सकाळी नमाजहून आल्यावर पहिला घास त्याचाच. तो आमचा नाही असं मी कधीच म्हणणार नाही. पण माझ्या मुलीने कोणता पदार्थ निवडावा हे त्याच्या नावातल्या फारसीवरून ठरत असेल, तर मात्र मला बोलावं लागेल. खजूर दुधात शिजला तर आमचा आणि करंजीत भरला तर दुसऱ्याचा, हा हिशोब अम्मीला समजावून सांगायची माझी तरी हिंमत नाही.

अजून एक फळ सांगायचं राहिलं. आमची ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. 1988 मध्ये ईद मे महिन्यात आली होती. मी तेव्हा लहान होते. घरात आंबे होते, खजूर महाग झाला होता, तेव्हा अम्मीने हापूसचा रस कढईत तासभर आटवला. चमचा उभा राहील इतका घट्ट झाल्यावर त्यात सुकं खोबरं घातलं आणि तेच करंजीत भरलं. हापूस हे नाव पोर्तुगीज ‘अल्फोन्सो’वरून आलेलं, खोबरं परसातल्या माडाचं आणि ईद चंद्राची. काकूंना डबा गेला. दिवाळीत तो डबा ओल्या नारळाच्या करंज्या घेऊन परत आला. रिकामा डबा परत करायचा नाही, हा नियम दोन्ही घरांत सारखाच होता.

तेहेतीस वर्षांनी, 2021 मध्ये, ईद पुन्हा मे महिन्यात आली. बाहेर निर्बंध होते, बाजार बंद, ईदगाहवर नमाज नाही. अम्मी माझ्याकडेच राहत होती. म्हणाली, रस आटव. मी आटवला, पण घाई केली. सारण सैल राहिलं आणि तिसरीच करंजी तेलात फुटली. अम्मी हसली नाही, रागावलीही नाही. उरलेलं सारण तिने परत कढईत ओतलं आणि मला बाजूला करून स्वतः ढवळत उभी राहिली. तिच्या बोटांना आता संधिवात आहे, मुरड घालता येत नाही. त्या दिवशी मुरड मुलीने घातली. ती तेव्हा लहान होती, मुरड वाकडीतिकडी, पण एकही करंजी सुटली नाही. प्रकल्पाच्या वहीत तिने काढलेली मुरड ती होती. म्हणून तिने मला विचारलं नव्हतं. तिला माहीतच होतं की हा आपल्या घरचा पदार्थ आहे.

मला वाटतं, ‘तुमचं’ आणि ‘आमचं’ ठरवताना आपण नेहमी शब्द कुठून आला, सण कुठला, असंच विचारतो. हीच करंजी उत्तरेत गुजिया होऊन होळीला येते, गोव्यात नेवरी होऊन नाताळच्या ताटात ख्रिस्ती घरांत दिसते. एका सणाच्या नावाने तिला बांधून घातलं तर उरलेल्या घरांतल्या बायकांनी इतकी वर्षं काय केलं? पदार्थ त्या घरचा, जिथे तो दर वर्षी होतो आणि पुढच्या मुलीला शिकवला जातो. याहून वेगळी कसोटी मला तरी इतिहासात सापडली नाही.

हे सगळं मी मुलीला सांगितलं. बगदाद, मांडू, अबुल फजल, शर्करा. तिने ऐकलं. मधून दोनदा जांभई दिली, पण ऐकलं. मग तिने पान फाडलं नाही. ‘पदार्थाची माहिती’ या मथळ्याखाली थोडी जागा उरली होती, तिथे दोन वाक्यं लिहिली. ‘ही करंजी आमच्या घरी ईदला करतात. आमच्या शेजारी दिवाळीला करतात, पण त्यांच्यात खजूर नसतो.’

आठशे वर्षांचा इतिहास मी दिला, तिने दोन वाक्यं घेतली. मास्तरकीच्या इतक्या वर्षांत हे माझ्या बाबतीत पहिल्यांदा घडलेलं नाही.

वही काल पुन्हा शाळेत गेली. सोबत एक डबाही दिला आहे, बाईंसाठी. नऊ करंज्या आहेत. मुरड हाताची आहे.